मास्तरांची हजेरी

मास्तर आमच्या सर्व्हरच्या खोलीत कधी चपला घालून गेले नाहीत. पहिलं वर्षभर मला वाटायचं, काय या माणसाची श्रद्धा. म्हणून मीही त्यांच्यामागे चपला काढायची, वर चौकटीला हात लावून तो कपाळाला लावायची. शेवटी एक दिवस तेच म्हणाले, "बाई, तुम्ही आत जाताना पाया कोनाच्या पडता हो?"

"तुम्ही चपला काढता, म्हणून..."

"मी काढतो ते तळपायाला कळतं म्हनून. पंखा नीट फिरतोय का अडखळतोय, ते आधी लादी सांगते. कानाला मागाहून कळतं."

त्यानंतर मी चपला घालून जायला लागले. माझ्या तळपायाला काही कळत नव्हतं आणि लादी गार लागायची.

वसईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नोंदी विभागात होते. विभाग म्हणजे चार बायका, चार कॉम्प्युटर आणि काचेच्या दारामागे ती थंड खोली. रुग्णांचे सगळे कागद, तपासण्या, ऑपरेशनं, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं तिथल्या एका पेटीत. मास्तर कागदोपत्री आमचे नव्हतेच. ते होते जनरेटरवरचे माणूस, इलेक्ट्रिक विभागाचे. आमच्याकडे उसने. त्यांच्याकडे कॉम्प्युटरचा कसलाही दाखला नव्हता. जनरेटरपासून सुरुवात करून तारेच्या मागोमाग जात जात ते सर्व्हरपर्यंत पोचले होते.

मास्तर हे नाव त्यांना चर्चमधून लागलं होतं. नायगावच्या खाडीकडचे. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की गावातल्या पोरांना धर्मशिक्षण द्यायचे, असं तीस वर्षं. त्या वर्गाची एक सवय ते रुग्णालयात घेऊन आले होते. हजेरी. काहीही बंद पडलं की मास्तर बगलेतलं लांबोडकं रजिस्टर उघडायचे, पेन्सिल जिभेला लावायचे आणि विचारायचे, "हे चालत होतं तवा खोलीत कोन कोन होतं?"

कोण म्हणजे माणसंच नव्हेत. पंखा, टेबल, छत्री, डबा, सगळ्यांची नावं लिहायचे. मग म्हणायचे, "आता आहे ते कोन आनि नाय ते कोन?" औषधांच्या दुकानातला कॉम्प्युटर रोज अकराला मान टाकायचा. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. मास्तरांनी साडेदहाची आणि अकराची अशा दोन हजेऱ्या घेतल्या. अकराच्या हजेरीत एक नाव जास्त निघालं, चहाची विजेची किटली. तिची जागा बदलली आणि कॉम्प्युटर सुधारला.

दुसरी सवय त्यांच्या वडिलांची. वडील मिठागरावर होते. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी उघाडी, म्हणजे पाणी सोडायची फळी. शेवटच्या वाफ्यात मीठ दिसलं नाही तर शेवटच्या वाफ्याकडे बघत बसायचं नाही. उलट चालत जायचं, पाणी कुठं थांबलंय ते बघायला. म्हणून मास्तरांना फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य यायचं, "पानी कुठवर आलं?"

एकदा क्ष-किरण विभागातल्या नव्या डॉक्टरांनी प्रिंटर बंद म्हणून फोन केला. मास्तरांनी विचारलं, "पानी कुठवर आलं?" डॉक्टरांनी सरळ प्लंबर पाठवून दिला.

आणि मास्तरांच्या तोंडी "बिघडलं" हा शब्द नव्हता. "मशीन वाट बघतंय," म्हणायचे. कोणाची ते आपण शोधायचं.

हे सगळं मी आता कौतुकानं लिहिते आहे. तेव्हा मला या माणसाची लाज वाटायची. सर्व्हर अडला की ते जेवायला उठायचे नाहीत, तिथंच दाराबाहेर फतकल मारून सुकटीचा डबा उघडायचे. तो वास एसीतून सगळ्या मजल्यावर फिरायचा. बाहेरून कोणी तपासायला आलं की मी त्यांना जनरेटरकडे काम आहे असं सांगून पाठवून द्यायची.

त्याला कारण होतं. मी शिकले होते. पन्नाशीला टेकल्यावर मी विरारला तीन महिने क्लासला जाऊन सर्व्हर चालवण्याचा दाखला मिळवला. घरात, ऑफिसात कोणालाच तो विसरू दिला नाही. दाखल्याला प्लास्टिक चढवलं. क्लासच्या सरांकडे पाहून गळ्यात काळ्या दोरीत पेनड्राइव्ह घालायला लागले. मंगळसूत्र वर, पेनड्राइव्ह खाली. साडी कुठलीही असो, तो पदराच्या बाहेर दिसला पाहिजे. आमची फिलू, म्हणजे फिलोमिना, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ती म्हणायची, "अगं, त्याला पण वाट्या लावून घे सोनाराकडून." मला वाटायचं जळते.

आणि मग मी एक अर्ज केला. आमचा विभाग आता स्वतःच्या बळावर सर्व्हर सांभाळू शकतो, इलेक्ट्रिक विभागाची मदत घेण्याची गरज उरलेली नाही. भाषा अगदी मुलायम. अर्थ एकच, की मास्तर नकोत. त्यांना निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं. ऑफिसनं अर्ज मंजूर केला. मास्तर खोलीची चावी द्यायला आले. मी मान वर न करता हात पुढे केला. ते म्हणाले, "फिरवताना दार जरा उचला, बाई. कुलूप अडतं." एवढंच बोलले आणि गेले.

त्याच महिन्यात नवीन सर्व्हर आला. जुना फार म्हातारा झाला होता, दिवसातून दोनदा धापा टाकायचा. पण नवीन पेटीबरोबर एक बातमीही आली. ट्रस्टच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मुंबईच्या एका कंपनीचा प्रस्ताव होता. सगळ्या नोंदी कंपनी सांभाळणार, आमचा विभाग बंद, चौघी इकडेतिकडे. फिलूचं नाव रात्रपाळीच्या काउंटरसाठी लिहूनही झालं होतं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा जहाजावर. रात्रपाळी म्हणजे तिला नोकरी सोडणंच.

मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही अर्जात लिहिलंयत ना, जमतं म्हणून? मग बसवा हा सर्व्हर. सोमवारी मीटिंग आहे. चालला तर कंपनीला नाही म्हणतो."

मी म्हटलं, "सोमवार कशाला सर, शनिवारीच उद्घाटन करू."

बुधवारी मी पेनड्राइव्हवरून नव्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. मध्ये त्यानं दोन-चार प्रश्न विचारले. एक असा होता की सुरू करून देणारा भाग कुठे ठेवू, आणि खाली दोन नावं. मी पहिलं निवडलं. का? पहिलं होतं म्हणून. लग्नाच्या पंक्तीतसुद्धा मी नेहमी पहिल्या पाटावर बसलेली बाई.

सर्व्हर झकास सुरू झाला. गुरुवार-शुक्रवार आम्ही चौघींनी जुन्याच्या नोंदी नव्यावर उतरवल्या. म्हातारा इतका दमला की शुक्रवारी संध्याकाळी त्यानं शेवटची फाइल दिली आणि कण्हायला लागला. या सगळ्या वेळात पेनड्राइव्ह सर्व्हरलाच होता. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, काम पूर्ण होईतो काढू नका. मी त्याच्या पुढे गेले. उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवत नाहीत, तसं शनिवारी नारळ फोडल्यावरच काढायचा असं ठरवलं.

शनिवारी सकाळी आमच्या वाडीतला सोनचाफा सर्व्हरवर ठेवला. नारळ फोडला. काशीमावशी, आमच्या मजल्याची सफाई बघणाऱ्या, त्यांनी पाणी पुसून घेतलं. मग सगळ्यांच्या देखत मी पेनड्राइव्ह काढला आणि गळ्यात घातला, जसा पदक मिळालेला खेळाडू घालतो. टाळ्या झाल्या.

मोठे डॉक्टर म्हणाले, "एकदा बंद करून परत चालू करून दाखवा."

मी केलं. पंखे घुमले, कंपनीचं नाव आलं आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ. सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही, अशा अर्थाची. खाली एक आडवी रेघ लुकलुकत राहिली.

डॉक्टरांनी पेढा अर्धा खाल्ला होता. उरलेला ताटलीत ठेवला. "सोमवारी साडेनऊला बघू," म्हणाले.

त्या दुपारी मी काय काय नाही केलं. केबल काढून परत घातल्या. आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पदरानं पुसल्या. चाफ्याची जागा बदलली. क्लासच्या सरांना फोन केला, ते म्हणाले मदरबोर्ड गेला असेल, आणि फोन कट झाला. पेनड्राइव्ह परत लावायला माझा हात धजावत नव्हता. वाटायचं, तो पहिल्यापासून सगळं चढवायला घेईल आणि दोन दिवस उतरवलेल्या नोंदी पुसून टाकील. म्हातारा तर आता एकेक फाइल उघडायलाच पाच मिनिटं घेत होता.

फिलू म्हणाली, "मास्तरांना फोन कर."

"नाही."

"तू चावी काढून घेतलीस म्हणून?"

मी परत चाफ्याची जागा बदलली.

"मग मी करते. तुझी लाज तू सोमवारनंतर सांभाळ. मला सोमवारी नोकरी पाहिजे."

तिनं नंबर लावून फोन माझ्याच कानाला धरला. पलीकडून आलं, "पानी कुठवर आलं?"

मी म्हटलं, "मास्तर, सगळं कोरडं आहे."

"उद्या मिस्सा आनि पोरांचा वर्ग झाला की येतो. तोवर काय काढू नका, काय घालू नका. आनि चालत होता तवा जे जे खोलीत होते त्या सगळ्यांना बोलवा."

रविवारी फिलू आणि काशीमावशी आल्या, बाकीच्या दोघींना जमलं नाही. दहाच्या सुमाराला मास्तर आले. चर्चचे पांढरे कपडे, बगलेत रजिस्टर. दाराशी चपला काढल्या. आत येऊन उभे राहिले, खोली पाहिली, सर्व्हर पाहिला, आम्हा तिघींना पाहिलं. मग रजिस्टर उघडून एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "चहा सांगा."

अर्जाबद्दल एक शब्द नाही. मीच सुरू केलं, "मास्तर, तो अर्ज..."

"तो गैरहजर," ते म्हणाले. "शुक्रवारी खोलीत कोन होतं?"

मी सांगत गेले. मी. फिलू. बाकीच्या दोघी दुपारपर्यंत. सर्व्हर, पडदा, कीबोर्ड. काशीमावशी म्हणाल्या, "माझा झाडू लिहा." त्यांनी झाडू लिहिला. फिलू म्हणाली, "माझा पाण्याचा तांब्या." तांब्या लिहिला.

"आनि शनिवारी नवीन कोन आलं?"

"चाफा. नारळ. डॉक्टर. पेढे."

"पेढे हजर हायेत का?"

काशीमावशींनी सांगितलं, "नाहीत. खाल्ले." तेही लिहिलं. मला रडू येत होतं आणि इथं पेढ्यांची हजेरी चालली होती.

मग त्यांनी मला सर्व्हर चालू करायला लावला आणि बोटानं दाखवत पाण्याबरोबर चालायला लागले. "दिवा लागला. पहिला वाफा भरला. पंखा फिरला. दुसरा भरला. कंपनीचं नाव आलं. तिसरा. आता सर्व्हर इचारतो, पुढं कोन नेनार? इथं उघाडी हाय. इथं कोनतरी हात वर करून म्हनायचं असतं, मी नेतो. म्हनतंय का कोन?"

"नाही."

"डिस्क हजर हाय?"

मी आतली यादी उघडली. डिस्क होती. ठणठणीत. "हजर आहे."

"मग हात का करत नाय?"

मास्तरांनी बशीत चहा ओतला. सावकाश प्याले. "वर्गात असं व्हतं. पोरगं समोर बसलेलं असतं, अभ्यास केलेला असतो, पन प्रार्थना सुरू करत नाय. का? त्याला कोनी सांगितलंच नसतं, की सुरुवात तुझी. सांगितलेलं असतं दुसऱ्याला. आनि ते दुसरं पोरगं आज वर्गात आलेलं नसतं." बशी खाली ठेवली. "बाई, तुम्ही सांगितलं कोनाला?"

मी पुन्हा ती पांढरी ओळ वाचायला वाकले. पेनड्राइव्ह टेबलाच्या कडेवर आपटला. टक्. मी तो मागे सारला. परत वाकले. टक्.

मग मी तो हातात धरला आणि तशीच उभी राहिले. बुधवारचा पडदा डोळ्यासमोर आला. दोन नावं. पहिलं कुठलं होतं ते मी वाचलंच नव्हतं.

"मास्तर," मी म्हटलं, "हा राहिला."

"कोन?"

"हा. तिन्ही दिवस हा आत होता. मी याचं नाव सांगितलं नाही."

"का नाय सांगितलं?"

"हा... माझा आहे म्हणून. मला वाटलं, मोजायचा नसतो."

काशीमावशी झाडूवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "म्हणजे अख्खा सर्व्हर बाईंनी गळ्यात घालून घरी नेला होता." फिलू हसता हसता भिंतीला टेकली.

तसंच झालं होतं. पहिलं नाव पेनड्राइव्हचं होतं. सुरू करून देणारा भाग मी सर्व्हरच्या डिस्कवर न ठेवता पेनड्राइव्हवर ठेवून दिला होता. तो आत असेपर्यंत कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. तो काढला आणि उघाडीच माझ्याबरोबर घरी आली. रात्री मी ती उशाशी ठेवून झोपले होते.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "लावा."

लावला. पाणी पुढं गेलं. सगळ्या नोंदी जागच्या जागी. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि सुरू करून देणारा भाग सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर माझ्याच हातानं बसवून घेतला. कीबोर्डला त्यांनी बोट लावलं नाही. या वेळी यादीतलं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायला लावलं, आधी मला, मग फिलूला. पेनड्राइव्ह काढला. बंद केला. चालू केला. चालला. असं चार वेळा.

पाचव्या वेळी म्हणाले, "आता चालू करून सगळ्यांनी बाहेर. खोलीत कोन हजर नको. सोमवारी पन कोन नसताना उठता आलं पायजे त्याला."

आम्ही दार लावून बाहेर उभ्या राहिलो. काचेतून पडदा दिसत नव्हता. मास्तर लादीवर अनवाणी, डोळे मिटलेले. मी हळूच चपला काढल्या. लादी गार होती. आधी काहीच नाही. मग तळव्याला बारीक गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, थांबलं, आणि परत एकसारखं सुरू झालं.

"उठला," मास्तर आणि मी एकदमच म्हणालो.

सोमवारी साडेनऊला मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सर्व्हर दोनदा बंद-चालू करून पाहिला. मग मास्तरांना विचारलं, "काय झालं होतं?"

"वाट बघत होता."

"कोणाची?"

"बाईंची. त्यांनी शोधलं. मी फक्त हजेरी घेतली."

कंपनीला नकार कळवला गेला. फिलूचं नाव रात्रपाळीच्या यादीतून खोडलं. मी माझा अर्ज मागे घेतला आणि चावी मास्तरांना परत दिली. ते म्हणाले, "दुसरी करून घ्या, दोन असू द्या." उरलेलं वर्ष आम्ही दोघांनी ती खोली सांभाळली. सुकटीचा वास आला की मी माझी भाकरी घेऊन दाराबाहेर त्यांच्या शेजारी बसायची. ते निवृत्त झाल्यावरही विभाग चालू राहिला, आणि आम्ही चौघी तिथूनच एकेक करून निवृत्त झालो.

पण माझा स्वभाव जातो कुठे. पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत होते, आणि तिचं नाव होतं "मी कसं शोधलं". मास्तर त्यात चहा पिण्यापुरते यायचे. नातवंडांनाही तशीच सांगितली.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी मास्तर आले. केस पांढरे, चाल तीच. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रजिस्टर हातात दिलं. "आता तुमच्याकडं ठेवा. माझ्याकडं वाळवी लागते."

घरी येऊन मी आधी तो रविवार शोधला. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. माझं नाव, फिलू, काशीमावशी. झाडू. तांब्या. चाफा, सुकलेला. पेढे, नाहीत. आणि या सगळ्यांच्या वर, पानाच्या अगदी पहिल्या ओळीत, वेळेसकट: दहा वाजून दहा. पेनड्राइव्ह, हजर. बाईंच्या गळ्यात.

ही ती ओळ. चहा सांगायच्या आधीची.

मी तसाच फोन लावला. "मास्तर, तुम्हाला आत आल्याबरोबर कळलं होतं?"

"व्हय."

"मग दीड तास पेढ्यांची हजेरी घेत बसलात? सरळ सांगायचंत ना."

पलीकडून आलं, "बाईमानसाच्या गळ्यात हात कसा घालनार?"

आता गोष्ट मी पहिल्या ओळीपासून सांगते. नातवंडं तक्रार करतात की आजी, आधीच्या गोष्टीत तू जास्त हुशार होतीस.